एका आठवड्यात झालेला कायदा

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे निमगाव केतकी हे गाव विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी, केतकेश्वराच्या देवस्थानासाठी आणि आषाढीच्या वारीत तेथे पडणाऱ्या तुकोबारायांच्या पालखीच्या मुक्कामासाठी पंचक्रोशीबाहेरही ओळखले जाते. परंतु ज्या तालुक्यात हे गाव मोडते, त्या इंदापूर तालुक्याला आणखीही एक ओळख आहे, आणि ती सरकारी दप्तरांत नोंदलेली आहे. दूरच्या राजधानीत एखादी तजवीज मंजूर व्हावी आणि तिचे बरेवाईट फळ या कोरडवाहू मुलखातील कुणब्याच्या दाराशी यावे, हा क्रम येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. प्रिंगल या अधिकाऱ्याच्या मोजणीने ठरविलेला जबर सारा रयतेला झेपेना आणि जमिनी ओस पडू लागल्या, तेव्हा गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ साली नव्या पद्धतीची जमीनमोजणी सुरू केली ती इंदापुरातच. आणि त्या आकारणीची तीस वर्षांची मुदत सरल्यावर, १८६७ साली, फेरआकारणीचा बोजा आधी उचलावा लागला तोही इंदापुरालाच. शेजारच्या सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे पेटली, त्या दंग्याच्या मुळाशी ज्या गोष्टी होत्या त्यांत ही वाढीव आकारणीही होती.

या मुलखातून कायद्याकडे पाहणाऱ्याला म्हणूनच एक प्रश्न स्वाभाविकपणे सुचतो, तो असा की, कायदा करताना ज्याच्यासाठी तो करावयाचा त्याला कोणी विचारले होते काय? सुप्याच्या दंग्यानंतर चौकशीसाठी कमिशन बसले, कुणब्यांच्या आणि सावकारांच्या जबान्या घेतल्या गेल्या, वादविवाद झाले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. दंगा आणि कायदा यांत चार वर्षांचे अंतर पडले. तो कायदा सर्वस्वी निर्दोष होता असे म्हणता येणार नाही. तथापि कर्जाच्या खटल्यात व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचे काम त्याने न्यायाधीशावर सोपविले, आणि त्यामुळे ऋणकोच्या हाती दाद मागण्याचे काही एक साधन आले. पुढे अठरा वर्षांनी, रोगराईच्या संकटात, हिंदुस्थान सरकारने जो दुसरा कायदा केला त्याची जन्मकथा याहून अगदी निराळी आहे, आणि त्याच्या जागी नवा कायदा करण्याचा प्रश्न उभा असल्याने ती आज पुन्हा आठवावी लागते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा रोगी ओळखला, आणि प्लेग मुंबईत शिरल्याची वार्ता पसरली. महिन्या-दोन महिन्यांत हजारो लोक गाठोडी बांधून आगगाडीने आणि पायी गावोगाव परतू लागले. ऑक्टोबरात गिरणी-कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तेथे नेलेला माणूस परत येत नाही अशी सर्वांची समजूत झाली होती. मुंबईच्या मालाला आपली बंदरे बंद करण्याची भाषा युरोपातील राष्ट्रे बोलू लागली. व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरण्याचे ठरले. हज यात्रेला जाणाऱ्या जहाजांवर बंदी घालण्याची वेळ आली. रोगाचे भय आणि व्यापाराचे भय अशी दोन भये एकाच वेळी साम्राज्याच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली होती, आणि हिंदुस्थान सरकारच्या हालचालीला जो वेग आला त्याचा उगम या दोहोंत होता.

२८ जानेवारी १८९७ रोजी कलकत्त्यात गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलात जॉन वुडबर्न यांनी साथरोगांच्या कायद्याचा मसुदा मांडला, आणि ४ फेब्रुवारीला तो संमत झाला. मसुदा तपासण्यासाठी नेमलेल्या प्रवर समितीचा अहवाल आला त्याच दिवशी मसुद्यावर शिक्कामोर्तब झाले. बिकट प्रसंगी प्रजेने कारभाऱ्यांच्या विवेकावर विश्वास ठेवला पाहिजे, असा वुडबर्न यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. कायदा अवघ्या चार कलमांचा. एका पानावर मावेल एवढा. पहिल्या कलमात त्याचे नाव आणि व्याप्ती. दुसऱ्यात सरकारला असा अधिकार की, प्रचलित कायदे अपुरे वाटल्यास साथ थोपविण्यासाठी हवे ते तात्पुरते नियम जाहीरनाम्याने करावेत, रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करावी, आणि तपासणी-अधिकाऱ्याला ज्याचा संशय येईल त्याला रुग्णालयात किंवा छावणीत वेगळे ठेवावे. तिसऱ्यात हुकूम मोडणाऱ्याला दंड संहितेच्या १८८ व्या कलमाची शिक्षा. चौथ्यात असे अभय की, या कायद्यान्वये सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा वा फिर्याद चालणार नाही. नुकसानभरपाईचा उल्लेख दुसऱ्या कलमात आहे, पण तो खर्च कोणी सोसावा हे ठरविण्याच्या ओघात, आणि तोही ‘द्यावयाची असल्यास’ अशा अर्थाच्या पुस्तीसह. ज्याला घरातून उचलून नेले त्याने दाद कोठे मागावी, त्याला किती दिवस ठेवावे, स्त्रियांची तपासणी कोणी व कोठे करावी, जाळलेल्या चीजवस्तूची किंमत कोणी भरून द्यावी, यांविषयी चारही कलमांत एक अक्षर नाही.

त्याच हिवाळ्यात दख्खनमध्ये दुष्काळ होता आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके त्यात होरपळत होते, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घेतली पाहिजे. दुष्काळासाठी सरकारचेच एक नियमपुस्तक होते, ज्याला फॅमिन कोड म्हणत, आणि त्यात पीक बुडाल्यास सारा तहकूब करण्याचे, कामे काढण्याचे, अपंगांना फुकट अन्न देण्याचे कर्तव्य लिहून ठेवलेले होते. टिळकांच्या प्रेरणेने पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या कोडातील तरतुदी मराठीतून छापून खेडोपाडी पोचविल्या, आणि सभेचे लोक गावच्या चावडीसमोर शेतकऱ्यांना सांगू लागले की, हे तुम्ही मागाल तर भीक होणार नाही, हा तुमचा हक्क आहे. मामलेदाराच्या कचेरीत हात जोडून उभा राहणारा कुणबी छापील कागद दाखवून बोलू लागला, तेव्हा त्याचा परिणाम असा झाला की, १८९७ च्या मार्चमध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. एकाच हंगामात, एकाच इलाख्यात, सरकारची अशी दोन लेखी वचने वावरत होती. एकात सरकारच्या कर्तव्यांची यादी होती, दुसऱ्यात केवळ अधिकारांची. पहिले लोकांनी हातात घेतले, दुसऱ्यापुढे त्यांच्या हाती काहीच नव्हते.

नव्या कायद्याची खरी परीक्षा पुण्यात झाली. साताऱ्याकडे असिस्टंट कलेक्टर असताना कठोरपणाबद्दल ख्याती पावलेले वॉल्टर चार्ल्स रँड फेब्रुवारीत पुण्याला आले. मार्चमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. आणि १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पेठापेठांतून घरे तपासू लागल्या. संगमाजवळ रुग्णालय आणि स्वारगेटच्या बाजूस छावणी उभारलेली होती. सकाळी गल्लीच्या दोन्ही टोकांना पहारा बसे. सोजीर माजघरात, देवघरात, कोठीच्या खोलीत शिरत. माणसांना बाहेर रस्त्यावर आणून काखा आणि जांघा चाचपल्या जात. घरातील जमीन खणली जाई, भिंतींना चुना फासला जाई, अंथरूण-पांघरूण आणि जुने सामान रस्त्यात पेटविले जाई. सरदार नातूंसारख्या प्रतिष्ठितांनी कमिटीकडे तक्रारी गुदरल्या. त्यांची कदर झाली नाही. बायाबापड्यांची जी विटंबना झाली तिच्या कहाण्या शहरभर झाल्या, आणि पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांबद्दल वृत्तपत्रात जाहीर लिहिले.

याच दिवसांत, याच शहराच्या वेशीवर, रोग्याला रुग्णालयात नेण्याचा एक दुसराही प्रकार चालू होता. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता, आणि मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी आपल्या पाठीवर घेऊन तेथे पोचविले. ती सेवा करतानाच त्यांना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रँडच्या घरझडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी. रोग्याला वेगळे काढून उपचाराच्या जागी नेले पाहिजे, हे तत्त्व सावित्रीबाईंनाही मान्य होते आणि कमिटीलाही. भेद होता तो या गोष्टीत की, मुंढव्याच्या त्या मुलाच्या घरच्यांना त्याला कोण नेत आहे आणि कशासाठी नेत आहे, हे ठाऊक होते.

मे महिन्यात घरझडत्या थांबल्या आणि साथही ओसरली, परंतु झाल्या प्रकाराची जखम ओसरली नाही. २२ जून रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेले, रँड ३ जुलैला. त्यानंतरच्या काही महिन्यांत सरकारने जे जे केले त्यात १८९७ च्या या कायद्याच्या स्वभावाचेच प्रतिबिंब दिसते. नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली खटल्यावाचून स्थानबद्ध केले गेले. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. दामोदर चापेकर १८९८ साली आणि त्यांचे बंधू बाळकृष्ण व वासुदेव, तसेच साथीदार महादेव रानडे १८९९ साली फाशी गेले. विलायतेत वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गेलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सोजिरांच्या अत्याचारांबद्दल तेथील वृत्तपत्रात लिहिले, आणि परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना तेव्हा त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. गोखल्यांसारख्या सत्यनिष्ठ पुरुषावर हा प्रसंग का यावा? आमच्या मते याचे उत्तर चौथ्या कलमात आहे. जेथे फिर्याद घेणारी कचेरी नाही, जबानी लिहून घेणारा हाकिम नाही, आणि बोलणाऱ्या साक्षीदाराला संरक्षण नाही, तेथे खरे काय आणि अफवा काय हे निवडण्याचे साधनच उरत नाही. मग प्रजा प्रत्येक अफवा खरी मानते, आणि सरकार प्रत्येक खरी तक्रार अफवा ठरविते. दाद मागण्याचा मार्ग असणे प्रजेला जितके हिताचे, तितकेच ते प्रामाणिक अधिकाऱ्यालाही हिताचे असते.

एवढे सारे करून रोग तरी हटला काय? प्लेगचे जंतू यर्सिनने १८९४ साली हाँगकाँगात शोधून काढले होते, परंतु ते माणसापर्यंत येतात कसे, हे रँडच्या कमिटीला ठाऊक नव्हते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदराच्या पिसवांकडे बोट दाखविले, आणि ती गोष्ट सर्वमान्य व्हायला आणखी सात-आठ वर्षे लागली. याचा अर्थ असा की, सोजीर ज्या वेळी माणसांची अंगे चाचपीत होते त्या वेळी रोगाचे खरे वाहक त्यांच्या पायांखालच्या बिळांतून शेजारच्या घरांत जात होते, आणि खणाखणीने त्यांना उलट पळावयास लावले जात होते. विद्येच्या त्या अपूर्णतेबद्दल कोणाला दोष देता येत नाही. परंतु ज्ञान अपुरे असताना अधिकार मात्र अमर्याद घ्यावा, यात जो अविचार आहे तो दोषास्पद खरा.

खेड्यांनी मात्र आपल्या अनुभवातून एक उपाय हुडकून काढला होता. घरात उंदीर मरून पडू लागले की रोग आला, हे त्यांनी ताडले, आणि मग सारे गावच्या गाव घरांना कुलपे घालून माळावर, शाळवाच्या रानात, खोपटी आणि पाली ठोकून राहू लागले. दख्खनच्या खेड्यापाड्यांतील जुन्या पिढीच्या बोलण्यात प्लेगाची आठवण निघे ती रानातल्या या मुक्कामांच्या रूपानेच. या स्थलांतरात सुख नव्हते. थंडीत उघड्यावर म्हातारी माणसे गारठत, रिकाम्या घरांत चोऱ्या होत, आणि ज्यांना स्वतःचे रान नव्हते त्या गावकुसाबाहेरच्या लोकांनी जावे कोठे, हा प्रश्न तेव्हाही होता. तरीही हा उपाय चालला, कारण माणूस उंदरापासून आणि पिसवेपासून दूर गेला. आणि चालला याचे दुसरे कारण असे की, गाव सोडण्याचा निर्णय गावाने चावडीवर बसून घेतलेला असे. १८९८ साली मुंबईत आणि सिन्नरला दंगे झाल्यावर सरकारलाही उमगले की बळजोरीने साथ आवरत नाही. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिशन नेमले गेले, घरझडत्यांचा अट्टाहास सुटला, आणि स्थलांतर व हाफकिनची लस या, लोकांच्या संमतीने चालणाऱ्या, उपायांवर भर आला. पुढल्या दोन-अडीच दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. संकट किती दारुण होते याची यावरून कल्पना येईल. परंतु धोरण बदलले तरी कायद्याचे शब्द मात्र जेथल्या तेथे राहिले.

राज्य गेले, स्वराज्य आले, राज्यघटना झाली. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय घटनेने राज्यसूचीत घातला. एका राज्यातून दुसऱ्यात संसर्ग पसरू न देण्याचा विषय समवर्ती सूचीत. आणि एकविसाव्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला जीविताची व स्वातंत्र्याची हमी दिली. त्या हमीच्या शेजारी १८९७ चा कायदा सत्तर वर्षे तसाच पडून होता. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ पुण्यात पोचली आणि महाराष्ट्र शासनाने आपले कोविड नियम जाहीर केले, ते याच चार कलमांच्या आधारे. हुकूम मोडणाऱ्यासाठी शिक्षाही तेच १८८ वे कलम. देशव्यापी टाळेबंदीसाठी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेतला गेला.

निमगाव केतकीसारख्या गावाने त्या दोन वर्षांत काय पाहिले, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. २०२० च्या आषाढात तुकोबांच्या पादुका देहूहून पंढरपूरला गेल्या त्या एसटीच्या बसमधून, मोजक्या मंडळींसह. २०२१ सालीही तसेच झाले. बेलवाडीच्या रिंगणाच्या मैदानात अश्व धावला नाही, आणि पालखीमार्गावरच्या गावांत दिंड्यांच्या पंगती बसल्या नाहीत. बहुतांश वारकऱ्यांनी हे दुःखाने, पण समजून, स्वीकारले. लक्षावधी लोक एकत्र येणे घातक आहे हे त्यांना पटले होते. पानमळ्यांचे दुःख निराळे होते. नागवेल शेवरी-हदग्याच्या सावलीत वाढवावी लागते. तिला पाणी, खत, वेलीची बांधणी आणि पानांची खुडणी वेळच्या वेळी द्यावी लागते. आणि खुडलेले पान थोड्याच दिवसांत पिवळे पडून सडते. शहरातल्या पानटपऱ्या हुकुमाने बंद झाल्या, लग्नसमारंभ थांबले, तेव्हा पान कोणासाठी खुडावे? न खुडावे तर वेल बिघडते. लोकांच्या जिवासाठी टपऱ्या बंद करणे योग्यच होते, हे मान्य करूनही विचारावेसे वाटते की, सर्वांच्या हितासाठी ज्याच्या उत्पन्नावर पाणी सोडले गेले, त्याच्या हानीचा विचार करण्यास कायदा बांधलेला असावा की नसावा? १८९७ च्या दुसऱ्या कलमातील ती ‘द्यावयाची असल्यास’ची पुस्ती येथे सव्वाशे वर्षांनंतर पानमळ्याच्या बांधावर येऊन उभी राहिली.

२२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून या कायद्यात दुरुस्ती केली, आणि सप्टेंबरात संसदेने तिला कायद्याचे रूप दिले. डॉक्टर, परिचारिका, आशाताई यांच्यावर हात टाकणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद, अशी तीत तरतूद आहे. शिवाय वाहने तपासण्याचे केंद्राचे अधिकारही वाढले. आरोग्यसेवकांना मिळालेले संरक्षण सर्वथैव न्याय्य होते. परंतु रोग्याचे, संशयिताचे आणि ज्याची रोजी बुडाली त्याचे नाव याही वेळी कायद्यात आले नाही.

ही उणीव भरून काढू शकणाऱ्या नव्या, सर्वंकष केंद्रीय कायद्याचे प्रयत्न याआधी होऊन गेले आहेत. २००९ साली राष्ट्रीय आरोग्य विधेयकाचा मसुदा तयार झाला, ज्यात आरोग्य हा हक्क मानला होता. २०१७ साली साथी, जैविक दहशतवाद आणि आपत्ती यांसाठीच्या सार्वजनिक आरोग्य विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, ज्यात १८९७ चा कायदा रद्द करण्याची योजना होती. दोन्ही मसुदे कायद्यापर्यंत पोचले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपला २८६ वा अहवाल सादर केला आणि जुना कायदा आजच्या साथींना अपुरा आहे, त्यात दुरुस्ती करावी किंवा नवा करावा, असे सुचविले. दरम्यान न्यायालये पुढे गेली आहेत: ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि मे २०२२ मध्ये असा निर्वाळा दिला की, कोणाही व्यक्तीवर लस घेण्याची सक्ती करता येत नाही, सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतील, पण ते प्रमाणशीर असले पाहिजेत. कायदेमंडळाने जे लिहावयाचे ते न्यायालयांना एकेका खटल्यातून सांगावे लागत आहे.

साथीच्या काळात सरकारच्या हाती अधिकार हवेत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. रुग्णाला वेगळे ठेवणे, गर्दी रोखणे, प्रवास थांबविणे यांवाचून हजारो जीव जातील. परंतु नव्या कायद्यात अधिकाराच्या प्रत्येक कलमाला कर्तव्याचे जोडकलम असले पाहिजे. विलगीकरणाला मुदत असावी आणि त्याविरुद्ध जलद दाद मागण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी. हुकूम लोकांच्या भाषेत, कारणांसह, चावडीवर लागावा. सर्वांसाठी ज्याने हानी सोसली त्याची भरपाई कृपा म्हणून न देता देणे म्हणून द्यावी. सद्‌हेतूच्या अभयासोबत निष्काळजी आणि जुलमी वर्तनाची चौकशी सक्तीची असावी. आणि राज्ये व ग्रामपंचायती यांना विचारल्यावाचून दिल्लीने निर्णय लादू नयेत. अशा नव्या कायद्याचे विधेयक जेव्हा संसदेत येईल, तेव्हा त्याला एका आठवड्याहून अधिक वेळ द्यावा, इंदापुरासारख्या तालुक्यांतून साक्षी घ्याव्यात, आणि पानमळेवाल्यापासून आशाताईपर्यंत सर्वांचे ऐकून घ्यावे. १८७५ च्या दंग्यानंतर परक्या सरकारने कुणब्यांच्या जबान्या नोंदविल्या होत्या. स्वराज्यातील संसदेने आपल्या नागरिकांसाठी त्याहून कमी करणे तिला शोभणारे नाही.